पुस्तक काढायला सांगायचं की नाही? शाळेची लायब्ररी, न्यू जर्सीचा कायदा आणि आईचा प्रश्न

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते बाकीच्यांनाही कळेल. एक आई न्यू जर्सीत राहतात, मुलगी सहावीत आहे. मुलीने शाळेच्या लायब्ररीतून एक ग्राफिक नॉव्हेल घरी आणलं, त्यात वयात येणं, पाळी, शरीरातले बदल हे सगळं बरंच मोकळेपणाने होतं, आणि आईला ते या वयाला जरा लवकर वाटलं. नेमकं त्याच आठवड्यात टाउनमधल्या एका ग्रुपने स्कूल बोर्डापुढे चाळीसेक पुस्तकांची यादी ठेवली, की ही सगळी काढा. त्यावर यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की आता इथे पुस्तकबंदीवरच बंदी आलीय, पालकांनी तोंड उघडायचं नाही. शिवाय टेक्सासमधल्या डॅलसची बहीण सांगते की आमच्याकडे बरोब्बर उलटं आहे. तर विचारणं असं की कायदा नक्की काय आहे, आणि मी बोलले तर मी बंदी घालणाऱ्यांच्यात जमा होते का.

मी नऊ वर्षं मिडल स्कूलच्या लायब्ररीत काम केलं आणि त्यानंतर तेरा वर्षं पब्लिक लायब्ररीत, मुलांच्या सेक्शनला. पुस्तकावर आक्षेप आल्यावर जी कमिटी बसते त्यात चार वेळा बसलेय. मी वकील नाही, त्यामुळे तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची पॉलिसी नेमकी काय म्हणते ते तुम्हालाच वाचावं लागेल, आणि खरंतर अर्धं उत्तर तिथेच आहे.

पहिली गोष्ट, बोलल्याने तुम्ही कुणात जमा होत नाही. तुम्ही दोन प्रश्न एकत्र केलेत म्हणून गुंता झालाय. माझ्या मुलीने हे आत्ता वाचावं का, हा एक प्रश्न. आणि हे पुस्तक शाळेतल्या सगळ्याच मुलांसाठी कपाटातून काढावं का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात कुठलाही कायदा मध्ये येत नाही, तो तुमच्या घरातला आहे. हे नवे कायदे सगळे दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहेत, आणि तिथेसुद्धा ते "आक्षेप घेऊ नका" म्हणत नाहीत, ते म्हणतात आक्षेप कोणी घ्यायचा, कसा घ्यायचा, कोण वाचून ठरवणार आणि ठरेपर्यंत पुस्तक कुठे राहणार हे आधी कागदावर लिहून ठेवा.

"बंदी" या शब्दानेही आपल्या लोकांचा घोटाळा होतो. आपल्या डोक्यात बंदी म्हणजे सरकारी बंदी. भारतात राज्य सरकार अधिसूचना काढून पुस्तकाच्या प्रती जप्त करू शकतं, पूर्वी सीआरपीसीच्या कलम ९५ खाली, आता नव्या संहितेच्या कलम ९८ खाली, आणि मग हायकोर्टात जाऊन भांडायचं. भांडारकर संस्थेवरच्या २००४ च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्रात शिवाजी महाराजांवरच्या एका इंग्रजी पुस्तकावर अशीच बंदी आली होती, ती मुंबई हायकोर्टाने २००७ मध्ये रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. आत्ता २०२५ च्या ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीरमध्ये एका फटक्यात २५ पुस्तकं याच कलमाखाली गेली. अमेरिकेत ज्याला बुक बॅन म्हणतात ते असं नसतं. पुस्तक दुकानात मिळतं, ऑनलाइन मिळतं, फक्त शाळेच्या किंवा गावाच्या लायब्ररीतून काढलेलं असतं. त्यावर लोक म्हणतात मग काय एवढं, विकत घ्या. पण माझ्याकडे जी मुलं रोज तीन वाजता यायची ना, त्यातली निम्मी पुस्तक विकत घेणाऱ्या घरातली नव्हती, आणि जी होती त्यातल्या काहींना नेमकं तेच पुस्तक घरी मागता आलं नसतं. त्यांच्यासाठी लायब्ररीतून गेलं म्हणजे गेलंच.

आता कायद्याकडे येते. सुरुवात इलिनॉयपासून झाली. तिथल्या गव्हर्नर प्रिट्झकर यांनी जून २०२३ मध्ये शिकागोच्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन लायब्ररीत सही केली आणि १ जानेवारी २०२४ पासून कायदा लागू झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. त्याची रचना साधी आहे, राज्याची ग्रँट हवी असेल तर लायब्ररीने एकतर अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा "लायब्ररी बिल ऑफ राइट्स" स्वीकारायचा, जो १९३९ पासून आहे, नाहीतर स्वतःचं लेखी धोरण करायचं की पक्षीय किंवा धार्मिक नापसंतीवरून आम्ही पुस्तक काढणार नाही. म्हणजे दोरी पैशाची आहे. ज्याला ग्रँट सोडायची तयारी आहे त्याला ही दोरी बांधत नाही, आणि काही शाळांनी खरंच ग्रँट सोडली. त्यानंतर कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मेरीलँड, न्यू जर्सी, ऱ्होड आयलंड असं एकेक राज्य आलं, प्रत्येकाची भाषा वेगळी.

न्यू जर्सीचा "फ्रीडम टू रीड अ‍ॅक्ट" गव्हर्नर मर्फी यांनी ९ डिसेंबर २०२४ ला प्रिन्स्टनच्या पब्लिक लायब्ररीत सही केला, अंमल वर्षभरानंतर. मला हा इलिनॉयपेक्षा जास्त आवडतो कारण हा ग्रँटवर थांबत नाही, रोजच्या कामात उतरतो. तुमच्या उपयोगाचं तेवढं सांगते. शाळेच्या बाबतीत पुस्तक काढायची मागणी करायची असेल तर तुमचा त्या स्कूल डिस्ट्रिक्टशी संबंध हवा, म्हणजे तिथला विद्यार्थी, तिथल्या मुलाचे पालक किंवा तिथले शिक्षक. चाळीस पुस्तकांची यादी घेऊन येणाऱ्या ग्रुपपैकी ज्यांचा डिस्ट्रिक्टशी असा संबंध नाही, त्यांच्या यादीवरून शाळेला पुस्तक काढण्याची प्रक्रिया सुरू करता येत नाही. बोर्डाच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोलायचा त्यांचा हक्क तसाच आहे, तो कोणी घेतलेला नाही.

मग फॉर्म असतो. तो प्रिन्सिपलकडे द्यायचा, त्यात पुस्तकातला नेमका कुठला भाग खटकला आणि का ते लिहायचं. त्यानंतर कमिटी बसते, त्यात सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टच्या शाळांचे प्रमुख), प्रिन्सिपल, लायब्रेरियन, बोर्डाचा एक प्रतिनिधी, त्या इयत्तेचा शिक्षक आणि एक पालक असतात. कमिटीला ६० शालेय दिवस मिळतात, आणि या सगळ्या काळात पुस्तक कपाटातच राहतं, मुलांना नेता येतं. शेवटचा निर्णय बोर्डाचा, पण बोर्डाला कारणं लेखी द्यावी लागतात, आणि कमिटीने सांगितलं त्याच्या विरुद्ध जायचं असेल तर तेही का ते लिहावं लागतं. पुस्तक ठेवायचं ठरलं तर निदान वर्षभर त्यावर परत तीच मागणी करता येत नाही. आणि लायब्रेरियनने प्रामाणिकपणे हे काम केलं तर तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाईची टांगती तलवार नाही. हे शेवटचं बाहेरच्यांना किरकोळ वाटतं, आम्हाला नाही. आर्कान्सा राज्यात २०२३ च्या अ‍ॅक्ट ३७२ मध्ये लायब्रेरियनला जेलमध्ये टाकायची तरतूद होती, फेडरल कोर्टाने ती आधी रोखली आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये रद्द केली, पण मधल्या दीड वर्षात तिथल्या लायब्ररीतल्या बाईने पुस्तकं ऑर्डर करताना काय विचार केला असेल ते मी समजू शकते.

"ठरेपर्यंत पुस्तक कपाटातच" या एका ओळीसाठी मी इतकी का हट्टी आहे ते सांगते. शाळेत असताना एका गुरुवारी मला वरून फोन आला, एका पालकांनी तोंडी तक्रार केलीय, दोन वडील असलेल्या मुलाची गोष्ट आहे म्हणे, तर ते जरा आत ठेव, तात्पुरतं, विषय थंड होईपर्यंत. फॉर्म नाही, कागद नाही, तारीख नाही. मी ते पुस्तक डेस्कच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, स्टेपलरच्या पिनांच्या डब्याशेजारी, आणि कॅटलॉगमध्ये "रिपेअरला" असा स्टेटस टाकला, कारण दुसरं काय टाकायचं मला सुचलं नाही. तात्पुरतं म्हणजे किती ते कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अकरा आठवडे ते तिथे होतं. मग आठवीतला एक मुलगा आला, अबोल, सहसा डेस्कपाशी न येणारा, आणि म्हणाला मिस, कॅटलॉगमध्ये रिपेअर दिसतंय, मला बाइंडिंग येतं, आजोबांनी शिकवलंय, मी चिकटवून देऊ का? माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर ते पुस्तक होतं, पान फाटलेलं नाही, पाठ निखळलेली नाही, कोरं करकरीत. मी त्याला खोटं सांगितलं की बाहेर पाठवलंय. त्या दिवशी संध्याकाळी मी मेल लिहिला की मला या पुस्तकाबद्दल लेखी तक्रार आणि लेखी निर्णय हवा, नाहीतर सोमवारी मी ते कपाटात लावतेय. उत्तर आलं नाही. सोमवारी लावलं. तो मुलगा परत आला नाही, जूनमध्ये त्याचं मिडल स्कूल संपलं.

त्या तक्रारीमागे कोण पालक होते हे मला आजपर्यंत माहीत नाही, आणि कदाचित त्यांनी पुस्तक काढा असं म्हटलंही नसेल, नुसतं विचारलं असेल. तोंडी कारभारात हेच होतं, कोणी काय मागितलं आणि कोणी काय ठरवलं याचा मागच राहत नाही. म्हणून मी म्हणते की फॉर्म हा पालकांच्या विरोधात नाही, पालकांच्याही बाजूचा आहे. तुम्ही एक साधी शंका विचारावी आणि तुमच्या नावावर पुस्तक गायब व्हावं, असं होत नाही मग.

आता कोर्टांचं. हे कायदे मुळात लागतातच का, राज्यघटना नाही का, असं बरेच जण विचारतात. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टात लाँग आयलंडच्या आयलंड ट्रीज नावाच्या डिस्ट्रिक्टची केस गेली होती, "पिको" म्हणून ओळखतात, कारण स्टीव्हन पिको हा विद्यार्थी बोर्डाच्या विरोधात उभा राहिला. तिथे बोर्डाचे मेंबर एका पालक संघटनेच्या कॉन्फरन्सला गेले, तिथून आक्षेपार्ह पुस्तकांची यादी घेऊन आले आणि मग आपल्या हायस्कूलमध्ये त्यातली कुठली आहेत ते शोधलं, नऊ सापडली. लायब्ररीतून उठून यादी झाली नव्हती, यादी घेऊन लायब्ररीत शोधलं होतं. तुमच्या टाउनच्या चाळीस पुस्तकांचं ऐकलं तेव्हा मला तेच आठवलं. कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला, पण न्यायमूर्ती ब्रेनन यांनी जे लिहिलं, की केवळ त्यातले विचार आवडत नाहीत म्हणून बोर्ड पुस्तक काढू शकत नाही, त्याच्यामागे पूर्ण बहुमत नव्हतं. त्यामुळे चाळीस वर्षं आम्ही सगळे पिकोचं नाव घेत आलो तरी पाया डळमळीतच होता.

तो पाया टेक्सासमध्ये ढासळला, आणि इथे तुमच्या बहिणीचं उत्तर आहे. लानो काउंटीच्या पब्लिक लायब्ररीतून १७ पुस्तकं काढली, वाचक कोर्टात गेले, खालच्या कोर्टाने पुस्तकं परत ठेवायला सांगितलं, पण मे २०२५ मध्ये फिफ्थ सर्किटच्या, म्हणजे त्या भागातल्या फेडरल अपील कोर्टाच्या, पूर्ण बेंचने १० विरुद्ध ७ असं ठरवलं की लायब्ररीतून पुस्तक काढलं म्हणून वाचकाला घटनेचा आधार घेऊन दावा करता येत नाही, त्यातल्या काही न्यायाधीशांनी तर असंही म्हटलं की लायब्ररीत काय ठेवायचं हे सरकारचं स्वतःचं बोलणं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती केस ऐकायला नकार दिला. म्हणजे टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत सध्या घटनेचा हा दरवाजा बंद आहे. त्यात टेक्सासने २०२५ मध्येच शाळांच्या लायब्ररीवर बोर्डाची आणि पालकांच्या समितीची पकड वाढवणारा कायदा केला. फ्लोरिडात तर २०२३ च्या कायद्याने लैंगिक वर्णनाबद्दल आक्षेप आला की पाच दिवसांत पुस्तक बाहेर आणि निकाल लागेपर्यंत बाहेरच, म्हणजे न्यू जर्सीच्या एकदम उलटा क्रम, त्या कायद्यातला काही भाग ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल कोर्टाने घटनाबाह्य ठरवला. पेन अमेरिका या लेखकांच्या संस्थेने २०२३-२४ या एका शालेय वर्षात देशभरात शाळांतून पुस्तकं काढल्याच्या १०,०४६ घटना मोजल्या, त्यात फ्लोरिडा आणि आयोवा सगळ्यात वर होते.

म्हणून राज्याच्या कायद्याला आता इतकं वजन आलंय. घटनेचं छप्पर गळतंय हे दिसल्यावर ज्या राज्यांना जमलं त्यांनी आपापली ताडपत्री घातली. फिफ्थ सर्किटचा निकाल न्यू जर्सीवर बंधनकारक नाही, आणि उद्या तो सगळीकडे लागू झाला तरी तो एवढंच म्हणतो की राज्याला पुस्तकं काढायची मुभा आहे, काढलीच पाहिजेत असं नाही. राज्य स्वतःहून "आम्ही अशी काढणार नाही" म्हणू शकतं.

पण कायद्याने सगळं होतं असं मी म्हणणार नाही, कारण दोन ठिकाणी तो पोचतच नाही. एक, न घेतलेलं पुस्तक. काढलेल्या पुस्तकाची नोंद होते, न मागवलेल्या पुस्तकाची कुठे होणार? दर सप्टेंबरला मी ऑर्डर करायला बसायचे, एका बाजूला कर्कस, बुकलिस्ट, स्कूल लायब्ररी जर्नलचे रिव्ह्यू, दुसऱ्या बाजूला बजेट, आणि त्या ड्रॉवरच्या प्रकारानंतरच्या वर्षी मी तीन पुस्तकं यादीत लिहून मग खोडली, कारण मला परत तो फोन नको होता. रिव्ह्यू उत्तम होते. भीतीने खोडली. पुढच्या वर्षी घेतली, पण एक वर्षाची मुलं त्यांच्याशिवाय गेली.

दुसरं, वीडिंग. दर वर्षी आम्ही जुनी, फाटकी, चुकीची झालेली पुस्तकं काढतो, प्लुटो नववा ग्रह आहे असं सांगणारं पुस्तक २००६ नंतर मुलांच्या कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. हे करायलाच हवं आणि कायदाही ते करू देतो. पण कोणाला नको असलेलं पुस्तक गुपचूप वीडिंगच्या गाडीवर चढवणंही सोपं असतं. लानोमध्येही काउंटीचं म्हणणं हेच होतं की आम्ही नेहमीचं वीडिंग केलं. त्यामुळे मी नेहमी विचारते, शेवटचं कधी नेलं होतं कोणी? पाठ बघू, पानं बघू. महिन्याला दोनदा जाणारं नवं पुस्तक वीडिंगमध्ये असेल तर ते वीडिंग नाही.

आणि "पण मग लायब्ररीत काहीही ठेवणार का" याचं उत्तर, नाही. अश्लील कशाला म्हणायचं याची कसोटी सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये मिलर केसमध्ये घालून दिलीय, त्यात एकेक पान फाडून बघायचं नसतं, पूर्ण पुस्तक बघायचं असतं आणि त्याला साहित्यिक, शास्त्रीय काही गंभीर मोल आहे का ते बघायचं असतं. अश्लीलतेपर्यंत जायच्या खूप आधीच वयाचा प्रश्न येतो, आणि तो खरा आहे. हायस्कूलचं पुस्तक तिसरीच्या कपाटात नको हे मीच आधी म्हणेन, न्यू जर्सीचा कायदाही मुलांच्या वाढीच्या दृष्टीने योग्य नसलेलं साहित्य दूर ठेवायला आडवा येत नाही. कायद्याला नको आहे ते हे, की लेखक कोण आहे, कुठल्या समाजाचा आहे, त्याचं मत काय आहे, किंवा कुणा एकाला ते वाचून राग आला, एवढ्यावरून पुस्तक जाणं. मी बसलेल्या चार कमिट्यांपैकी एकीत आम्ही पुस्तक पाचवीच्या कपाटातून काढून आठवीच्या लायब्ररीत पाठवलं. एकमताने, आणि आक्षेप घेणारे वडीलही त्या दिवशी समाधानाने गेले, कारण सात माणसांनी पूर्ण पुस्तक वाचून त्यांच्याशी दीड तास चर्चा केली होती.

तुमच्या मुलीच्या पुस्तकाकडे येते. ते आधी तुम्ही पूर्ण वाचा, ग्राफिक नॉव्हेल आहे, तासाभराचं काम. सहावीत, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलींत, काहींना पाळी आलेली असते, काहींना पुढच्या वर्षी येणार असते, आणि आपल्या घरांत अजूनही तो विषय दाराआड कुजबुजत होतो, त्यामुळे माझा कल पुस्तकाकडे आहे हे लपवत नाही. पण तुमची मुलगी तुम्हाला माहीत, मला नाही. वाचूनही नको वाटलं तर लायब्रेरियनला सरळ मेल करा की माझ्या मुलीला सध्या हे देऊ नका. मी काम केलं त्या दोन्ही ठिकाणी अशा विनंतीची नोंद त्या एका मुलाच्या अकाउंटवर व्हायची, बाकीच्या मुलांना धक्का न लागता, आणि कुणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. वाचून असं वाटलं की ते कोणत्याच सहावीच्या मुलाच्या हातात नको, तर फॉर्म भरा, तो तुमचा हक्क आहे, पान नंबर घालून लिहा, नुसतं "अयोग्य" लिहून कमिटीला काही कळत नाही.

त्या चाळीसच्या यादीबद्दल: तुमच्या बोर्डाने कायद्याप्रमाणे पॉलिसी केलीय का, फॉर्म कुठे आहे, यादीतल्या कुठल्या पुस्तकावर खरंच फॉर्म आलाय आणि ती पुस्तकं आत्ता कपाटात आहेत की नाहीत, हे चार प्रश्न लेखी विचारा. शेवटचा स्वतः तपासता येतो, शाळेचा ऑनलाइन कॅटलॉग उघडा आणि एकेक नाव टाका. "रिपेअरला" किंवा "मिसिंग" असं चार-पाच पुस्तकांपुढे एकदम दिसलं तर मला त्याचा अर्थ माहीत आहे. मेलला उत्तर आलं नाही तर ओप्रा, म्हणजे राज्याचा सार्वजनिक कागदपत्रांचा कायदा, त्याखाली बोर्डाच्या सेक्रेटरीकडे अर्ज करा, त्यांना सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मसुदा करायला अडलं तर कळवा, मी लिहून देते, पानभराचंच काम असतं.